अठ्ठेचाळीस चौकोनांचा तक्ता

मी एक जुना चित्रांचा तक्ता आहे. मित्रांनो, तक्ता म्हटलं की तुम्हाला बाराखडी आठवेल. पण माझ्या अंगावर अठ्ठेचाळीस चौकोन आहेत. पाणी, दुखतंय, दार, हसू आलं, नको, असं बरंच काही. वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी मला ताईसाठी कापून, चिकटवून, वर जाड प्लास्टिक चढवून तयार केलं. ताईला तोंडाने बोलता येत नाही, मान हलवून हो-नाही सांगणंही जमत नाही. चाकांच्या खुर्चीत बसून ती डाव्या हाताचं मधलं बोट एकेका चौकोनावर टेकवायची आणि वाक्य पुरं करायची.

पहिली दहा वर्षं माझा रुबाब काही विचारू नका! ताई स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. सेवाकेंद्रातून सकाळ-संध्याकाळ मदतनीस मावशी यायच्या. आल्या आल्या मला ताईच्या मांडीवर ठेवून म्हणायच्या, "हं, बोल गं." ताईचं एक वाक्य होईपर्यंत दूध उतू जायचं, पण मावशींनी कधी मध्ये तोंड घातलं नाही. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस ताईशी ओरडून बोलू लागला. ताईने बोट फिरवलं: कान, चांगले, हळू. त्याने जीभ चावली आणि मग तिघेही पोट धरून हसले. माझ्यावर चहाचे डाग पडले, कोपरे झिजले. मला त्याचा अभिमानच होता.

पुढे मावशींचे गुडघे गेले आणि नवी मदतनीस आली. स्वभावाने चांगली, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी तिने मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं.

"किती जुना आहे हा! खराब व्हायला नको," असं म्हणून तिने मला कपाटावर ठेवून दिलं.

मित्रांनो, माझी पंचाईत लक्षात घ्या. मला मागायचं, तरी ताईला मीच लागतो. मावशींनी जाताना कुणाला काही सांगितलं नव्हतं. हे काय सांगायला हवं, असं त्यांना वाटलं असणार.

महिन्याभराने सेवाकेंद्राच्या अधिकारी बाई फॉर्म घेऊन आल्या. ताईचा मोठा भाऊ, म्हणजे दादाही आला होता; तो परगावी राहायचा, ताईला माझ्यावरून बोलताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. ताईने याच घरात राहायचं की निवासी केंद्रात जायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घशातून आवाज काढला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"उकडतंय तिला," दादा म्हणाला. "पंखा वाढवा जरा."

मदतनीसने लगबगीने पंखा वाढवला.

"तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळतं हो," दादा पुढे म्हणाला. "एकटीची आबाळ होते इथे. तिकडे चार माणसांत राहील. हो ना गं?"

ताईचे डोळे भरून आले.

"बघा, किती आनंद झाला!" असं म्हणत दादानेही डोळे पुसले. तो खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट. मी चार हातांवर होतो, माझ्या अंगावर 'नको' ठळक लिहिलेलं होतं, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. बाईंनी फॉर्मवर खूण केली.

आता मी निवासी केंद्राच्या बैठकीच्या खोलीत असतो. सामानातून निघालो तेव्हा कुणाला तरी मी आवडलो, म्हणून मला काचेच्या चौकटीत बसवून उंच भिंतीवर लावलं. पाहुणे माझं तोंडभरून कौतुक करतात. ताई खालीच बसलेली असते. पहिल्या आठवड्यात ती सारखी वर बघायची. "ताईंना चित्रं फार आवडतात," असं सगळे प्रेमाने सांगायचे. हल्ली ती वर बघत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपाव्यात, असं सांगून मी तुमचा निरोप घ्यायला हवा. पण मी हात जोडून सांगतो, मला जपू नका. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर स्टुलावर चढा, काच काढा आणि मला तिच्या मांडीवर द्या. आणि मग घाई करू नका. तिला खूप काही सांगायचं आहे, आणि तिचं बोट आता पूर्वीपेक्षा हळू चालतं.