सुशीला कोणत्या घरातली?

खरं तर मी हे सांगायला नको. विचारलं तेवढंच दाखवायचं, बाकी पोटात ठेवायचं, ही आम्हा हार्ड डिस्कांची रीत. पण आज राहवत नाही, म्हणून बोलतेय.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्यातला फक्त पांढरा उजेड आठवतो. प्रशांतने मला सिकंदराबादच्या दुकानातून हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या घरी आणलं. तेव्हा घरोघरी नव्या वस्तू येत होत्या; मोबाईल, डिजिटल कॅमेरे. मी टेबलाखाली कॉम्प्युटरच्या डब्यात बसले नि गरगर फिरू लागले. फिरता फिरता डोळा लागल्यासारखं होई. त्या गुंगीत माणसं येत. बारशातलं बाळ, टँक बंडवर तलावाच्या वाऱ्याने उडालेली ओढणी, आवकायचं लोणचं कालवणारे लाल हात.

फोटो साचत गेले, ते नीट लावायला मात्र कुणाला वेळ नव्हता. जुन्या कागदी फोटोंना वाळवी लागली, तेव्हा प्रशांतच्या लेकीने, रेणूने, तेही स्कॅन केले, मागची नावं टिपून घेतली आणि कागद टाकून दिले. माझं पोट गच्च भरलं.

प्रशांत म्हणाला, "सगळ्यांचा एकच कॅटलॉग नक्को. घराघराचा वेगळा कर. आपला, संदेशकाकाचा, त्रिवेणीआत्याचा. आपले नाहीत ते उडव, जागा होईल."

"हौ पप्पा."

रेणू नावं पाहून एकेकाला आपापल्या घरात बसवत गेली. एक मुलगी मात्र कुठेच बसेना. दोन वेण्या, हातात सायकल. नाव, सुशीला.

"कोण की ही!" प्रशांत म्हणाला. "काढून टाक."

ती कोण, मला ठाऊक होतं. चेहरे माझ्याजवळ शेजारी शेजारी झोपतात. पण न विचारता सांगू कशी? रेणूने तिचे सगळे फोटो निवडले. बोट बटणावर टेकलं.

तेवढ्यात तिची आजी, इंदुताई, चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"अगंबाई, माझी सायकल!"

"आजी, ही तर सुशीला आहे."

"मग? मीच ती. लग्नात तुझ्या आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'इंदू' लिहिलं. त्यानंतर सुशीलाला कुणी हाक मारली नाही."

प्रशांत गडबडला. "आई, कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस? आई काय जन्मतःच तुझी आई होती? अन् आता उडवायला निघालास की मला!"

रेणूने बोट उचललं. वेगवेगळे कॅटलॉग मोडून तिने सगळ्यांचा एकच केला. सुशीला आणि इंदू त्यात एकमेकींजवळ आल्या.

"अगं, पण जागा?" प्रशांतने विचारलं.

"माझी गाणी काढते," रेणू हळूच म्हणाली. आणि काढलीही.

हल्ली मी फिरताना कुरकुरते. फार दिवस नाही चालणार. त्याआधी एक मागणं आहे. घरातल्या बायकांना त्यांचं पहिलं नाव विचारून ठेवा. आमच्यासारख्यांना ते...

थांबा, आजी चष्मा लावून बसलीय.

"रेणे, सुशीलाला बोलाव ना गं."

रेणू शोधायच्या चौकटीत एकेक अक्षर टाकतेय. इतक्या वर्षांनी ही हाक आलीय, मला जायलाच हवं, ती सायकलवाली कुठे बरं