भांडण लावणारी शिंगं

मित्रांनो, दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली ही जुनी शिंगांची जोडी म्हणजे मीच. एके काळी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या रानात मी पांढऱ्या शेपटीच्या एका नर हरणाच्या डोक्यावर होते. हिवाळा सरता सरता त्याने मला टाकलं. दरवर्षीच टाकतात ते, त्यात रुसायचं काय? एक शिंग ओढ्याकाठी पडलं, दुसरं पार टेकडीपलीकडे.

लेटाकाकूंना पहिलं सापडलं. त्यांचे यजमान ऑर्विनकाका म्हणाले, "चल आता, एक पुरे झालं."

"एकटं काय करेल ते? एका हाताने टाळी वाजते का?" असं म्हणून काकूंनी सगळं रान पालथं घातलं आणि दुसरं घेऊनच आल्या. भोकं पाडून त्यांनी मला एका दोरात ओवलं.

माझं काम भांडण लावायचं. नोव्हेंबरात नर माजावर येतात. तेव्हा काका धनुष्य घेऊन मचाणावर बसत आणि काकू मागच्या झुडपात मला खडाखडा आपटत. दोन नरांची जुंपलीय असं वाटून तिसरा तावातावाने येई, तो नेमका बाणाच्या टप्प्यात. माझेच भाऊबंद ते, वाईट वाटे. पण त्या मांसावर या घराचा हिवाळा निघे. मचाणावरून एक दोरी काकूंच्या मनगटाला बांधलेली असे. नर दिसला की काका ती ओढत, म्हणजे आता थांब.

"इतक्या जोरात नको गं!"

"भांडण कसं करायचं ते मला शिकवू नकोस. तुझ्याशी संसार केलाय मी."

एक थोराड नर मात्र कधीच हाती लागला नाही. सगळं रान आपल्या बापाचं असल्यासारखा तो चाले, म्हणून काकू त्याला महापौर म्हणत. शेवटच्या दुखण्यात त्या म्हणाल्या, "त्याला सोडू नकोस हं. नाहीतर माझी सगळी खडखड फुकट." काकांनी शब्द दिला. उन्हाळ्यात काकू गेल्या.

यंदा शेजारचा डेलबर्ट म्हणाला, "मी येतो की शिंगं आपटायला."

"नको. तुला ताल नाही," काका म्हणाले आणि एकटेच निघाले.

मचाणावर बसून त्यांनीच मला वाजवलं. आणि आला की महापौर! मान फुगलेली, ओकची वाळकी पानं तुडवत. काकांनी मला फांदीला अडकवलं, धनुष्य उचललं. आणि सवयीने, मित्रांनो, दोरी ओढली.

गेल्या वर्षीची ती दोरी त्यांनी मचाणावरून सोडलीच नव्हती. खाली झुडपात तिचं मोकळं टोक सळसळलं. महापौराने तिकडे पाहिलं, पांढरी शेपटी उभारली आणि तो दिसेनासा झाला. काकांनी दोरी वर ओढून घेतली. अगदी हलकी आली. मग ते तिथेच बसून रडले.

शब्द राहूनच गेला. धनुष्य आता पेटीत आहे. रोज संध्याकाळी जेवण झालं की काका मला खिळ्यावरून काढतात, स्वयंपाकघरात एकदा आपटतात आणि कान देऊन बसतात. माझा आवाज ऐकून आजवर कुणी ना कुणी धावत आलंय. इथे कुणी येत नाही. डेलबर्टला ऐकू जातं, पण 'नको' ऐकलेला माणूस पुन्हा कशाला येईल?

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एकट्या माणसाच्या घरातून खडखड ऐकू आली तर आत जा. नको म्हणाला तरी जा. भांडायला गेलात तरी चालेल.