भिंतीवरचा नंबर

बरकतपुऱ्यातल्या कॉलनीचे सेक्रेटरी हणमंतराव यांनी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे गुन्हेगारी कुठे जन्मते हे त्यांना ठाऊक होतं. ती थुंकण्यात जन्मते. आज थुंकणारा उद्या नो पार्किंगमध्ये गाडी लावतो आणि परवा दरोडा घालतो. पोलिसांनी किरकोळ गुन्ह्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा पहिली तक्रार त्यांचीच गेली. विठाबाईविरुद्ध.

विठाबाई मूळची नांदेडची. बारा वर्षं कॉलनीच्या फाटकाशी गाडा लावून ज्वारीच्या भाकरी थापते. गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नाहीत आणि वहीला पिठाचे हात लागतात, म्हणून ती गिऱ्हाइकाच्या गाडीचा नंबर बघून ऑर्डर कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं लिहिते: ४१७२, सहा भाकरी. हणमंतरावांनी या विद्रूपीकरणाचे फोटो काढून तक्रारीला जोडले आणि उभं राहून भिंत धुऊन घेतली. सोमवारी गाडा उचलायचं ठरलं. विठाबाई भांडली नाही. नव्या जागी गिऱ्हाईक जमवायला आणखी बारा वर्षं कुठून आणू, एवढंच तिनं विचारलं.

रविवारी संध्याकाळी हणमंतरावांच्या पत्नीचं, अलकाताईंचं, मंगळसूत्र बाइकवरच्या दोघांनी फाटकातच ओढून नेलं.

हवालदार नरसिम्लू आला. ते दोघं भिंत धुण्याआधी तीन दिवस भाकरी न्यायला येत होते, असं विठाबाईनं त्याला सांगितलं. त्यानं नंबर विचारला.

“भिंतीवर होता, पाच भाकरींपुढं. सरांनी धुतला.”

नरसिम्लूनं भिंतीकडे पाहिलं. भिंत अतिशय स्वच्छ होती.

मानेला हळद लावून बसलेल्या अलकाताई म्हणाल्या, “अहो, तुम्ही फोटो काढले होते ना?”

तिसऱ्या फोटोत, पाच भाकरींच्या शेजारी, नंबर सापडला. सोमवारी सकाळी दिलसुखनगरला दोघंही सापडले. कडक मोहिमेमुळेच हे घडलं, असं ठाण्यानं अहवालात लिहिलं. “भिंत पैले धोते तो गया था केस,” असं नरसिम्लूचं मत पडलं. ते अहवालात आलं नाही.

हणमंतराव तक्रार मागे घ्यायला गेले, तर त्यासाठी फॉर्मच नव्हता. अकरा वाजता गाडा उचलायला टेम्पो आला, तेव्हा गाड्यासमोर नो पार्किंगमध्ये एक स्कूटर आडवी लावलेली होती आणि तिच्यावर हणमंतराव बसले होते. चलान फाडून टेम्पो परत गेला. उद्या पुन्हा येईल म्हणाले.

विठाबाईनं सवयीनं स्कूटरचा नंबर भिंतीवर लिहिला.

“किती भाकरी, सर?”