उसनी कुदळ

दाराआड टेकून उभी आहे ना, ती मीच. कुदळ. आम्हा अवजारांना फक्त धार असते असं माणसांना वाटतं. पण माझ्या मनावर कधीचं एक ओझं आहे, आणि ते आज तुमच्यापाशी हलकं करायचं आहे.

माझं पातं एका लोहाराने घडवलं. माणूस तापट, पण त्याच्या हाताला गुण होता. दांडा मात्र माझ्या मालकाने स्वतः तासून बसवला. मालक साठीचा, अंगाने चांगला भरलेला, म्हणून त्याची थोरली बहीण त्याला अजूनही ढब्बू म्हणते. बाहेरच्या कुणी म्हटलेलं मात्र त्याला खपत नाही.

मालकाची केळीची बाग आहे. केळीच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. ते आईपासून अलगद सोडवायचे, म्हणजे दुसरीकडे लावता येतात. हे माझं काम. कंदाला इजा न करता मुनवा काढणारी अशी कुदळ दुसरी नाही, असं मालक चारचौघांत सांगायचा. मग काय, जो तो मला मागायला यायचा. मीही मिरवायचे. परत यायचे ती अंगावर त्या त्या बागेची माती घेऊन. मला धुऊन परत करावं असं कुणाला कधी वाटलं नाही, आणि मालकही म्हणायचा, "मातीचं अवजार, माती लागणारच."

दोन वर्षांपूर्वी ताईने बाग लावायचं ठरवलं. नवरा गेल्यापासून तिला घरात करमत नव्हतं. ती भावाला म्हणाली, "तुझ्या बागेतली पोरं दे मला. विकतची नकोत." मालकाने सगळ्यांत देखणी झाडं निवडून चाळीस मुनवे काढले आणि वर मलाही तिच्या गाडीत ठेवलं. "लावणी झाली की दे सावकाश."

ताईने माझ्याशी गप्पा मारत खड्डे घेतले. "दमलीस का गं?" असं कुदळीला विचारणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. लावणी उरकल्यावर तिने मला परत पाठवलं.

झाडं झोकात वाढली. मग एक दिवस खालची पानं कडेने पिवळी पडू लागली आणि मोडून बुंध्याभोवती लोंबू लागली. ताईने पाणी वाढवलं. पान पिवळं म्हणजे झाड तहानलेलं, ही या घराण्याची समजूत. तिकडे मालकाच्या बागेतही तीन झाडं पिवळी होती आणि तोही त्यांना पाणीच पाजत होता. पाण्याबरोबर दुखणंही एका झाडाकडून दुसऱ्याकडे चाललं आहे, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

शेवटी ताईने माती तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. मालकही मला खांद्यावर टाकून मदतीला आला. बाईंनी एक बुंधा आडवा कापला. आत तांबूस तपकिरी रेघा.

"ही बुरशी," बाई म्हणाल्या. "मातीतून मुळात शिरते आणि झाडाचं पाणी तोडते. एकदा शिरली की औषध नाही. मुनव्यांतून येते, अवजाराला चिकटलेल्या मातीतूनही येते. तुम्ही मुनवे कुठून आणले होते?"

ताईने भावाकडे पाहिलंही नाही. "बाजारातून," ती म्हणाली.

"आणि खणलं कशाने?"

"माझीच कुदळ होती. मोडली ती."

मी तिथेच होते, मालकाच्या हातात! हे खोटं खपलं असतं तर मालकाची बाग तपासायला कुणीच गेलं नसतं. त्याची सहाशे झाडं एकेक करून बसली असती, आणि त्याच्याकडून मला उसनी नेणाऱ्यांचीही. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मालकाच्या तळव्याला घाम सुटला, तो माझ्या दांड्याला कळला. खरं बोललं तर गावभर नाव खराब होणार आणि स्वतःची झाडं स्वतःच्या हाताने जाळावी लागणार. गप्प राहणं सोपं होतं.

"बाई, ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "मुनवे माझे. कुदळही माझी, ही बघा. माझ्याकडेही तीन झाडं अशीच झाली आहेत." मग ताईकडे वळून म्हणाला, "तुझी बाग मीच घालवली गं."

"बाईंनी मुनव्यांचं नाव काढलं तेव्हाच कळलं मला," ताई म्हणाली. "पण तू मायेनं दिलेलं होतंस रे."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"मग काय, लोकांना तुला नावं ठेवू द्यायची? तुला नावं ठेवायची ती मी."

बाई दुसरीकडे बघत वहीत काहीतरी लिहू लागल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माणसं म्हणतात. त्या दिवशी मला त्या दांड्याची फार दया आली.

मालकाची ती तीन झाडं आणि आजूबाजूची पंधरा जागेवरच जाळली. बाकीची अजून हिरवी आहेत. ताईची एकोणचाळीस गेली. उरलं ते धुण्याच्या दगडाजवळचं, जिथे ती रोज शेण आणि पालापाचोळा टाकायची. बाईंनी त्याची मुळं कागदात गुंडाळून नेली. म्हणाल्या, "इथे चांगल्या जिवाणूंची दाटी झाली असणार, बुरशीला बसायला जागाच मिळाली नसेल. वाढवून बघते, पण खात्री देत नाही."

"म्हणजे शेजार भरलेला असला की चोर फिरकत नाही," ताई म्हणाली.

चार महिन्यांनी बाईंनी ते जिवाणू बरणीत वाढवून आणले. ते पाण्यात कालवून मालकाच्या उरलेल्या झाडांच्या बुडाशी ओतले. ताईच्या एका झाडाने भावाच्या बागेला पाठवलेली ती मदत. पुरी पडेल का, देव जाणे.

मला तर त्या दिवशीच घासलं, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलं, पातं निखाऱ्यावर तापवलं. तरी बाईंनी बजावलं, हिने आता ताईच्या कुंपणाबाहेर जायचं नाही. तेव्हापासून मी ताईकडेच आहे. मला मागायला आलात आणि रिकाम्या हाताने परत गेलात तर राग मानू नका. तुमची कुदळ असेल तर तिला तेवढी धूत जा.

मालक दर आठवड्याला येतो. फाटकाशी चपला काढतो, पाय धुतो आणि आधी माझ्याकडे येऊन दांड्यावरून हात फिरवतो. मग दरवेळी तेच विचारतो, "ताई, माझी कुदळ कधी देतेस परत?"

"कधीच नाही, ढब्बू," ताई आतून म्हणते. "चल, चहा निवतोय."