पहाऱ्यातला अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय. बडोद्यात पाणीगेटजवळच्या एका घरात, लोखंडी कपाटात, गंगाबाईंच्या जुन्या शालूखाली मी असतो. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली गंगाबाईंच्या कमरेला. दर रविवारी सकाळी मला बाहेर काढतात, काम करून घेतात आणि पुन्हा आत ठेवतात. कैद्यासारखं. त्याचं कारण आधी सांगतो.

माझा जन्म जामनगरकडचा. पातं पोलादाचं, दांडे पितळेचे. तिकडे मला सुडी म्हणतात. बडोद्याच्या बाजारात सुभानरावांनी मला घेतलं तेव्हा ते पंचविशीत होते, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नुकतेच फिटर म्हणून लागले होते. दुकानात त्यांनी मला दहा वेळा उघडून मिटून पाहिलं. मधला खिळा डोळ्यांजवळ नेऊन तपासला. मला वाटलं, चांगल्या हातात पडलो.

हात चांगलाच होता. सुभानराव सुपारी अशी कातरायचे की चकती उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. आधी पाहुण्यांसाठी कातरायचे, मग जेवणानंतर, मग कोणी बघत नसताना. बायकोची, गंगाबाईंची पावलं वाजली की मला उशीखाली सरकवून वर बसायचे. चाळीस वर्षं मी उशीखाली राहून एकच शिकलो, संशय घ्यायला. मला उचलणारा हात कशासाठी उचलतोय, ते मी आधी बघतो.

गेल्या हिवाळ्यात सुभानरावांना सेव-उसळीचा पहिला घास झोंबला. मग साधं वरणही झोंबू लागलं. तोंड पूर्ण उघडेना. डॉक्टरांनी तोंडात उभी बोटं घालायला सांगितली, तर तीनऐवजी दोनच बोटं आत गेली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, "सुपारी आजपासून बंद. सहा महिन्यांनी बघू. चट्टा वाढला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." तपासणीत काय निघू शकतं ते त्यांनी सांगितलं नाही. घरातल्या तिघांनाही ते कळलं होतं.

त्याच दिवशी मी कपाटात गेलो.

तिसरी म्हणजे त्यांची मुलगी भक्ती. ती बडोद्यातच अकोट्याला चष्म्याच्या दुकानात काम करते. बाबांना तिखट नको, गरम नको, कडक नको, मग सकाळी द्यायचं काय, यावर तिने बराच विचार केला. एका रविवारी तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ओट्स, भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया, तीळ, जवस, बदाम, अक्रोड आणि काळ्या मनुका मांडल्या.

"हे भाजायचं नाही," भक्ती म्हणाली. "भाजलं की कडक होतं, बाबांना टोचेल. कच्चंच कालवायचं आणि सकाळी दुधात भिजवायचं. बाबांची आंघोळ होईपर्यंत मऊ होतं."

सुभानरावांनी ओट्सची चिमूट उचलून वास घेतला. "आमचे पणजोबा सरकारी पागेत पहाऱ्याला होते. असलंच काहीतरी घोड्यांपुढे टाकायचे."

"मग तुम्हाला सवय असेल," गंगाबाई म्हणाल्या.

ओट्स चाळून झाले, बिया निवडून झाल्या, जवस खलबत्त्यात ठेचून झाले. अडलं ते बदामांपाशी. मिक्सरमध्ये घातले तर तेल सुटून गोळा झाला. भक्तीने सुरी घेतली आणि तिसऱ्याच बदामाला बोट कापून घेतलं. गंगाबाईंच्या बोटांचे सांधे दुखतात. आख्खे बदाम तर सुभानरावांना चावणं शक्यच नव्हतं. त्यांना हवी होती पातळ कातर, दुधात विरघळल्यासारखी होणारी.

भक्तीने बोट फडक्यात गुंडाळलं. मग भक्ती म्हणाली, "आई, किल्ली दे."

"नाही."

"दुसरं काही आहे का घरात?"

"नाही, आणि हे कातरणारा हातही एकच आहे. तेच तर म्हणतेय मी."

शेवटी मला बाहेर काढलं. सुभानरावांच्या हातात दिलं आणि गंगाबाई त्यांच्यासमोर पाट घेऊन बसल्या.

"काय, पहारा?" त्यांनी विचारलं.

"पहाराच. तुमच्या पणजोबांचं नाव चालवतेय."

पहिला बदाम माझ्या पात्याखाली आला तेव्हा मी बावचळलो. सुपारी अंगावर येते, टक्क आवाज करून तुटते. बदाम नुसता करकरतो आणि शरण येतो. हे कच्चं मिश्रण किती दिवस टिकेल, याबद्दल मला संशय होता. सुभानरावांबद्दल जास्त होता. एकदा गंगाबाई कुकर बंद करायला उठल्या आणि सुभानरावांचा हात खिशाकडे गेला. मी ताठ झालो. खिशातून रुमाल निघाला. त्यांनी तोंड पुसलं. तरी माझं मन म्हणत राहिलं, आज रुमाल निघाला.

असे चार महिने गेले. मग एका रविवारी गंगाबाई मला पुसत होत्या आणि फडक्यावर एक कण आला. तांबूस, कठीण. त्यांनी तो तळहातावर घेतला.

"हे काय आहे?"

सुभानरावांनी पाहिलं. "अक्रोडाचं साल असेल."

"चाळीस वर्षं मी या घरातली सुपारी झाडलीय. मला साल दाखवू नका."

"गंगा, मी खाल्लेली नाही."

"आधीही असंच म्हणायचात. उशीवर बसून."

भक्तीने तो कण जिभेवर ठेवला. "तुरट आहे," ती म्हणाली आणि थांबली. "पण अक्रोडाचं सालही तुरटच लागतं ना."

सुभानराव उठले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीतलं मिश्रण तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशीही. नुसतं दूध पीत, बाकीचं तळाशी राहून फुगत असे. डॉक्टरांकडे जायला महिना होता आणि माणूस उपाशी दिसू लागला होता.

मला सगळं ठाऊक होतं. त्यांनी सुपारीला हात लावला नव्हता. चार महिन्यांत माझ्या तोंडात सुपारीचं एक खांडही आलं नव्हतं. मग कण आला कुठून? शालूखाली पडल्या पडल्या मी एकेकावर संशय घेऊन पाहिला, गंगाबाईंवरसुद्धा. स्वतःवर संशय घ्यायचं मात्र मला सुचलं नाही.

सुचलं ते सुभानरावांना. रविवारी ते आपणहून बाहेर आले. हातात हातोडी आणि टोच्या होता. "तो अडकित्ता आण," ते म्हणाले, "आणि दोघी इथे बसा."

त्यांनी मला पाट्यावर आडवं केलं, खिळ्यावर टोच्या टेकवला आणि हातोडीचे घाव घातले. खिळा निघाला, मी दोन तुकडे झालो. आतल्या जागेत काळा थर बसला होता, डांबरासारखा. सुभानरावांनी तो नखाने खरवडला. त्यात तसलेच तांबूस कण होते, कितीतरी. चाळीस वर्षं मीच ते खिळ्याआड धरून ठेवले होते. बदाम-अक्रोडाच्या तेलाने थर सैल झाला आणि एक सुटून बाहेर आला.

गंगाबाईंनी एक कण बोटावर घेऊन पाहिला. "म्हणजे तो जुनाच होता?"

"असेल. मी सांगून तू मानणार नाहीस, आणि तुझंही बरोबर आहे. मी उशीवर बसायचो." त्यांनी मला रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं. मग खिळ्याच्या जागी एक छोटा बोल्ट घातला, वरून नट आवळला आणि पाना गंगाबाईंच्या हातात दिला. "आता केव्हाही उघड आणि बघ."

गंगाबाईंनी पाना घेतला. नको म्हणाल्या नाहीत. "बसा, बदाम राहिलेत," एवढंच म्हणाल्या.

महिन्याने डॉक्टरांकडे अडीच बोटं आत गेली. चट्टा वाढलेला नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

त्यानंतर दर रविवारी गंगाबाई काम संपल्यावर नट सोडवून आत बघायच्या आणि सुभानराव चष्मा लावून शेजारी बसायचे. गेल्या रविवारी एक अक्रोड दाराच्या फटीत दाबूनही फुटेना. गंगाबाईंनी पाना उचलला आणि एका घावात तो फोडला. मग टरफलं गोळा करता करता पाना तसाच सुपात राहिला. नट कोणी सोडवला नाही. मी तसाच कपाटात आलो आणि कुलूप लावायलाही त्या विसरल्या.

त्यांना विश्वास वाटू लागलाय, हे मला कळतं. पण वाचकहो, मला स्वतःची खात्री नाही. आत काय साठतंय ते मला आधीही कळलं नव्हतं. तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणी असेल, तर माणसाला विचारण्याआधी त्याचा खिळा काढून बघा. आणि गंगाबाई, पाना सुपात आहे. येत्या रविवारी मला उघडा.