उजेडातला फळा

एकदा मुख्याध्यापकांच्या खोलीतला अडकलेला प्रिंटर विज्ञानाच्या बाईंनी चालू करून दिला. तेव्हापासून शाळेत तार असलेली कुठलीही वस्तू आली की ती बाईंच्या गळ्यात पडायची. म्हणून सरकारी योजनेतून वर्गावर्गात काचेचे डिजिटल फळे बसले, तेव्हा समन्वयक कोण, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

फळे चांगले होते, पण वर्गांच्या मोठाल्या खिडक्या होत्या पश्चिमेला, आणि फळे बरोबर त्यांच्या समोरच्या भिंतीवर बसवलेले. मधली सुट्टी संपली की ऊन सरळ काचेवर यायचं आणि धडा पुसला जायचा. बाईंनी पडदे मागितले. योजनेत पडद्यांची तरतूद नाही, असं उत्तर आलं. पुन्हा मागितले, पुन्हा तेच उत्तर, फक्त सही वेगळी.

त्यात मोजणी होती वापराच्या मिनिटांची. फळा किती वेळ चालू राहिला, एवढंच वर कचेरीत कळायचं. मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, की सकाळी आल्याबरोबर फळे चालू करायचे आणि जाताना बंद. मग दिवसभर काचेवर धबधब्याचं चित्र कोसळत राहायचं आणि गणिताचे सर बाजूला उरलेल्या हातभर काळ्या फळ्यावर अंग चोरून समीकरणं मांडायचे. अशा रीतीने शाळा वापरात पहिली आली.

हे आकडे दर महिन्याला बाईच पाठवायच्या. पाठवताना चरफडायच्या, पण पाठवायच्या.

आणि आता मूल्यमापनाला येणार होती त्यांची धाकटी नणंद. ही सगळी योजना तिनेच आखली होती. रविवारी जेवायला आली, तेव्हा तिने भावाला मोबाइलवर आलेख दाखवले आणि वहिनीच्या शाळेचं तोंडभर कौतुक केलं. बाईंनी तोंड उघडलं, तोच नवऱ्याने टेबलाखालून पायाला पाय लावला. बहिणीचं मन दुखवायचं नाही, हे त्यांच्या संसारातलं एकमेव कलम नवरा काटेकोरपणे पाळायचा. बाईंनी घास गिळला आणि बोलणंही.

मुख्याध्यापक मात्र खुशीत होते. घरचंच माणूस आहे, तुम्ही सांभाळून घ्याल, असं त्यांनी दोनदा म्हटलं. सकाळचा पहिला तास, हुशार तुकडी आणि आधी घोकून घेतलेला धडा असा त्यांचा बेत होता. बाईंनी मान डोलावली. मग नणंदेला निरोप दिला, की मधल्या सुट्टीनंतर ये.

ती आली तेव्हा ऊन ऐन भरात होतं. मुख्याध्यापकांनी बाईंकडे असं पाहिलं, की दूध नासलं असतं. बाईंनी हातातला रिमोट नणंदेपुढे धरला.

“आजचा तास तूच घे.”

नणंद मागे हटणाऱ्यातली नव्हती. तिने हृदयाचा धडा लावला आणि झडपा कशा उघडतात, मिटतात, ते झोकात सांगायला लागली. काचेजवळ उभी असल्यामुळे तिला सगळं दिसत होतं. मधेच तिने विचारलं, दिसतंय ना सगळ्यांना? अख्खा वर्ग एका सुरात “हो” म्हणाला. पाहुणे आले की हो म्हणायचं, हे मुलांना फळ्याच्या आधीपासून येत होतं.

मग तिने पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं आणि समोर काय दिसतं ते सांग म्हणाली.

मुलीने नीट निरखून पाहिलं. “मी दिसते,” ती म्हणाली. “आणि माझ्यामागे खिडकी.”

कुणी हसलं नाही. नणंद चालत शेवटच्या बाकापर्यंत गेली, तिथून पाहिलं, मग मधल्या बाकावरून पाहिलं. मुख्याध्यापक रुमालाने काच पुसायला लागले.

तास संपल्यावर वर्गात दोघीच उरल्या.

“वहिनी, घरी का नाही सांगितलंस मला?”

“लेखी सांगितलं, तुझ्याच कचेरीत. आणि घरी बोलायला गेले, तर तुझा भाऊ लाथ मारतो.”

“मग ते पहिल्या नंबरचे आकडे? ते कुणी पाठवले?”

इतके महिने बाई योजनेवर, मुख्याध्यापकांवर, उन्हावर चिडत होत्या. सहीखालचं नाव मात्र त्यांचंच होतं, आणि हे ऐकवलं कुणी, तर नणंदेने. राग आला तो आलाच, पण काढायचा कुणावर हे कळेना.

“मीच,” त्या म्हणाल्या. “आणि तूही मिनिटंच मागितलीस. मुलांना काय कळलं, ते कुठे विचारलं होतंस?”

नणंदेने बाक पुढे ओढलं आणि बसली. संध्याकाळपर्यंत दोघी वाद घालत राहिल्या. नणंद म्हणे फळे सगळ्या वर्गांत हवेत. बाई म्हणत, व्याकरणाला खडू पुरतो, पण धडधडतं हृदय खडूने दाखवता येत नाही. शेवटी अहवालात आलं ते असं: मिनिटं मोजू नयेत, कुठल्या धड्याला फळा लागतो हे शिक्षकांना विचारावं, आणि पडदे द्यावेत. शिवाय बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत एक फळा ताबडतोब हलवावा. मुख्याध्यापकांनी सही केली आणि आठवडाभर बाईंशी बोलणं टाकलं.

अडगळीची खोली मात्र चालली. मुलं दाटीवाटीने बसून झडपांची उघडझाप पाहू लागली आणि अडचणीचे प्रश्न विचारू लागली. गणिताचे सरही भूमितीपुरते तिथे डोकावू लागले.

बाकीच्या अहवालाचं उत्तर यायला पुढचं वर्ष उजाडलं. पडदे मंजूर झाले आणि वर्गात बसलेही. मोटरवर चालणारे, मोबाइलवरून उघडायचे. सोबत सूचना होती, की पडद्यांच्या वापराची मिनिटं दरमहा कळवावीत, आणि समन्वयक म्हणून बाईंचं नाव होतं.

बाईंनी नणंदेला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “वहिनी, ते मिनिटांचं कलम माझं नाही गं.”

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून वर्गावर गेल्या. ऊन काचेवर आलं होतं. मोबाइलवर पडदा काही केल्या सापडेना, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ओढला. वर कुठेतरी मोटर करकरली. त्यांनी तिकडे न पाहता धडा सुरू केला.