माझा आवाज आणि सगुणचे कान

मी एक जुना पोकलेन आहे, मित्रांनो. कागदावर माझं नाव वेगळं आहे, पण आमच्याकडे माती खणणाऱ्या लांब हाताच्या प्रत्येक यंत्राला पोकलेनच म्हणतात. डिचोलीच्या बाबलीशेटांनी मला विकत घेतलं आणि खाणीच्या कामावर लावलं, तेव्हा माझा रंग हळदीसारखा पिवळा होता. महिन्याभरात मी खनिजाच्या धुळीने लालेलाल झालो आणि पुढे तसाच राहिलो.

माझं सुख-दुःख सांगायचं म्हणजे सगुणचंच सांगावं लागतं. सगुण पेडण्याकडचा. माझ्याआधी बारा वर्षं त्याने जुनी, बिनकाचेच्या केबिनची यंत्रं चालवली होती. तो माझ्यावर बसला आणि चौदा वर्षं दुसऱ्या कुणाला त्याने बसू दिलं नाही.

सकाळी इतर चालक किल्ली फिरवून मोकळे होत. सगुण आधी माझ्याभोवती एक फेरी मारी. इंजिनाचं तेल बघी, पाणी बघी, डिझेलच्या फिल्टरखाली साठलेलं पाणी सोडून देई. मग ग्रीसची बंदूक घेऊन माझ्या प्रत्येक सांध्यात नवं ग्रीस भरी, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबत नसे. संध्याकाळी साखळीत अडकलेली माती सळईने उकरून काढी. या सगळ्याला अर्धा तास लागे. मुकादम कुरकुर करी. सगुण म्हणे, "अर्धो तास आता दी, नायतर म्हयनो मागीर दी."

पुढे खाणी बंद पडल्या. बाबलीशेटांच्या कुंपणात मी चार वर्षं उभा होतो. शेजारची दोन यंत्रं गंजून गेली, एकाच्या केबिनमध्ये तर वेल चढला. सगुण तेव्हा वाळपईला कुणाच्या तरी बागायतीत कामाला जात होता, पण दर रविवारी बसने डिचोलीला यायचा. माझ्या चकचकीत दांड्यांना ग्रीस फासायचा, मला चालू करून हात वर-खाली करायचा, जागच्या जागी फिरवायचा. उभं यंत्र आतून सुकतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मोप्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रस्त्याचं काम निघालं, तेव्हा बाबलीशेटांच्या तीन यंत्रांपैकी एकटा मीच आपल्या पायांनी ट्रेलरवर चढलो.

मोप्याला सगळं ठीक चाललं होतं. कातळ कठीण, पण मी धडधाकट होतो. कामाच्या कडेला पद्मावतीचा चहा-भजीचा गाडा होता. बाई बोलकी. सगुणशी ती काहीबाही बोले आणि सगुण हसून "व्हय, व्हय" म्हणे. तो कमी बोलणारा आहे, असंच मला वाटायचं.

एके दिवशी माझ्या पोटातली एक पट्टी सैल झाली. टाकीतून पंपाकडे तेल नेणारी जाड रबरी नळी असते, तिला आवळून धरणारी पट्टी. पितळी बांगडीएवढी वस्तू. तिथून तेल गळत नव्हतं, उलट हवा आत ओढली जात होती. त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हतं. हवेचे बुडबुडे पंपात गेले की पंप किंचाळतो. मीही किंचाळू लागलो. बारीक, लांब, शिट्टीसारखा आवाज. डिचोलीच्या सुरुवातीच्या दिवसांत सगुणने दुसऱ्या मिनिटाला इंजिन बंद केलं असतं.

त्याने केलं नाही. तो काम करत राहिला.

दुपारी चहाला उतरला तेव्हा पद्मावती म्हणाली, "सगुणदादा, आज तुझो पोकलेन रडता कित्याक रे?"

"व्हय, व्हय," सगुण हसला आणि चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. सगुण सकाळी तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेत बघायचा, पण रात्रभरात तेलावरचा फेस बसलेला असे. चालू यंत्रात बघितलं असतं तर तेल ताकासारखं दिसलं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर माझा हात अर्ध्यावर उचललेला असताना पंप फुटला. त्यातला पितळेचा चुरा तेलाबरोबर माझ्या अंगभर पसरला. मी तोंडात कातळ धरून तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी डिचोलीहून मेस्त्री महादेव आला. पाठोपाठ बाबलीशेटही आले. महादेवाने फिल्टर काढून उन्हात धरला. तो सोन्यासारखा चमकत होता. त्याने मान हलवली.

"पंप गेलो. आता नळये, वॉल्व, सगळा उघडून धुवूक व्हया. महिनो तरी जातलो." मग सगुणसमोर जाऊन तो म्हणाला, "सगुण, ह्यो तीन दिस बोंबलत असतलो. तुका आयकाक येऊक नाय?"

बाबलीशेट त्याच्यासमोर येऊन भडकले. "चौदा वर्सां मशीन तुझ्या हातात दिलंय, आणि तू झोपा काढी होतंस?"

"चुकला माझा," सगुण म्हणाला.

मला वाटलं, आता तरी तो काही बोलेल. पण आळशी, बेफिकीर म्हणवून घ्यायला तो तयार होता. तेवढ्यात पद्मावती गाडा सोडून आली.

"तेचेर कित्या तापतास, बाबलीशेट? तीन दिस मी सांगतंय. तेका आयकाकच येणा नाय."

"कायतरी काय बोलतंस?" बाबलीशेट म्हणाले.

पद्मावती पुढे झाली. सगुणच्या मागे चार पावलांवर जाऊन उभी राहिली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "सगुणदादा!"

सगुण वळला नाही. ती आणखी जोरात ओरडली. पलीकडच्या ट्रकवाल्याने मान वळवली. सगुण मात्र बाबलीशेटांच्या तोंडाकडे बघत होता, ओठ वाचायला. सगळे आपल्या मागे बघतायत हे दिसल्यावर तो वळला, आणि काय झालं ते त्याच्या लक्षात आलं.

मग सगुणच बोलला. "धा वर्सां झाली. उजव्या कानान कायच नाय. डाव्यान थोडा थोडा. सांगलंय तर तुमी माका खाली उतरवतलात."

मित्रांनो, मी लोखंडाचा, पण तेव्हा मला माझ्याच अंगाचं ओझं झालं. त्याचे कान आधीच्या यंत्रांनी अर्धे खाल्ले होते, उरलेले मी. पहिली काही वर्षं त्याने माझा एक आवाज कधी चुकवला नाही, आणि मी रोज त्याच आवाजाने त्याला बहिरा करत होतो. माझं तेल दर पाचशे तासांनी बदललं जाई. सगुणचे कान कुणी एकदाही तपासले नाहीत.

बाबलीशेट म्हणाले, "मागसून माणूस बोंबललो तर तुका कळाचा नाय. तू आता चालवचा नाय." त्यात खोटं काही नव्हतं. सगुणने किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

तेव्हा महादेव मेस्त्री हात पुसत म्हणाला, "शेट, ह्यो पंप मी चौदा वर्सांत पयल्यांदा उघडलंय. दुसऱ्यांचे मशीन वर्सा-दोन वर्सांनी माझ्या दारात असतत. ह्या माणसाक घराक धाडशात तर मीच कामाक ठेवतंय."

बाबलीशेटांनी सगुणला घरी धाडलं नाही. म्हापशाच्या डॉक्टरकडे नेलं आणि डाव्या कानाला यंत्र बसवून आणलं. आता त्यांच्या नव्या-जुन्या सगळ्या यंत्रांची सकाळची तपासणी सगुण करतो आणि मगच चालकाला किल्ली देतो. कानावर त्याचा भरवसा नाही, म्हणून तो हाताने बघतो. प्रत्येक पट्टीला आठवड्यातून एकदा पाना लावतो. यंत्र चालू ठेवून तेलाच्या काचेत बघतो. जुना फिल्टर नुसता फेकत नाही, कापून उन्हात धरतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पोकलेनच्या फिल्टरमध्ये त्याला चिमूटभर चुरा दिसला. पंप फुटण्याआधीच उतरवला, चार दिवसांत काम पुन्हा सुरू झालं.

मला नवा पंप बसला आणि माझ्यावर आता दोडामार्गचा मधुकर बसतो. कसबी, पण उतावळा. परवा सकाळी कानांवर लावायची जाड टोपणं त्याने लिव्हरला टांगून ठेवली होती.

"कानात घाम येता, सगुणदादा," तो म्हणाला.

सगुणने किल्ली मुठीत धरली. माझ्या पंपाच्या झाकणावर थाप मारली. "ह्येचो भाग बदलूक गावता." मग आपल्या उजव्या कानाला बोट लावलं. "ह्यो खंय गावता, सांग."

मधुकरने टोपणं कानांवर चढवली, तेव्हाच त्याला किल्ली मिळाली.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला, त्याची पट्टी आवळा, त्याची कुरकुर पहिल्या दिवशीच तपासा. एवढं केलंत तर माझ्यासारखा जुना पोकलेनही वीस वर्षं राबतो. आणि यंत्राजवळ जाल तेव्हा आत बसलेल्या माणसाला एकदा हाक मारून बघा. त्याने वळून पाहिलं, तर पुढच्या कामाला लागा.